नऊ ते सहा नोकरी, साडेसातला तालीम

माझ्या पहिल्या नाटकाच्या तालमीला मी ऑफिसातून थेट पोचलो होतो. भूमिका राजवाड्यावरच्या पहारेकऱ्याची, वाक्यं दोन. छाती पुढे काढली, भाला म्हणून दिलेली काठी धरली, पहिलं वाक्य टाकलं आणि दिग्दर्शकाने हात वर करून तालीम थांबवली. "महाराज पहारेकऱ्यांची हजेरी कार्डावर घेतात का रे?" गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं. सगळे हसले, मीही हसलो. घरी जाताना मात्र कळलं की त्या कार्डाबरोबर आख्खं ऑफिसच मी अंगावर घेऊन आलो होतो. खांदे पुढे पडलेले, आवाज घशात अडकलेला आणि डोक्यात न जुळलेल्या तीन बिलांचे आकडे.

त्याला नऊ वर्षं झाली. बिलं आणि पेमेंटचा ताळा जुळवायची ती नोकरी मी अजून करतो. तिथे मन रमत नाही, रमेल अशी आशाही आता नाही. दरम्यान अकरा नाटकं झाली, चार लघुपट झाले, जाहिरातीत एकदा तीन सेकंद दिसलो आणि एका मालिकेत सहा भागांपुरता वकील होतो. मी कुणी मोठा नट नाही. पण नोकरी न सोडता अभिनय कसा करत राहायचा, हे बऱ्याच चुका करून शिकलोय. कराव्या लागतील त्या गोष्टी साधारण त्याच क्रमाने पुढे सांगतो.

आधी नोकरीचा हिशोब

न आवडणाऱ्या नोकरीत असलेला माणूस एकच प्रश्न उगाळत बसतो: सोडू की नको? पहिली दोन वर्षं हा प्रश्न बाजूला ठेवा. नोकरी हा तुमचा निर्माता आहे असं धरा. निर्माता प्रेमळ नसला तरी चालतो, त्याने वेळेवर पैसे द्यावेत आणि तालमीत फार लुडबुड करू नये. तुमची नोकरी या कसोटीला उतरते का, ते तपासा.

तीन गोष्टी बघायच्या. सुटायची वेळ नक्की असते का? रजा किती दिवस आधी मागावी लागते? आणि सुटल्यावर तुमच्यात काय शिल्लक राहतं? पहिल्या दोन्हींची उत्तरं सगळ्यांना पाठ असतात, तिसऱ्याचा विचार फारसं कुणी करत नाही. दिवसभर फोनवर बोलायचं काम असेल तर संध्याकाळपर्यंत गळा संपलेला असतो. मग तालमीत कुजबुजून वेळ मारून नेतात, आणि तसं ताणून कुजबुजल्याने थकलेल्या घशाला आरामही मिळत नाही. सतत माणसांची भांडणं मिटवायचं काम असेल तर भावना खर्च होऊन जातात. माझ्यासारखं आकड्यांचं काम असेल तर डोळे आणि मान थकते, पण आवाज आणि मन बरंच ताजं राहतं. म्हणून हे कंटाळवाणं काम मला एका परीने सोयीचंच पडलं.

नोकरी बदलायचीच असेल तर जास्त पगाराची शोधू नका, जास्त नियमित शोधा. मला एकदा बढती देऊ केली होती. तिच्यासोबत रात्री दहाचे फोन येणार होते, म्हणून नको म्हटलं. घरचे महिनाभर धड बोलले नाहीत. हा निर्णय प्रत्येकाला परवडेल असं नाही, पण बढती म्हणजे आपोआप पुढे जाणं, हे गणित नटाने एकदा तपासून बघावं.

याच टप्प्यावर नेमणुकीचा करार काढून वाचा. बाहेर मोबदला घेऊन काम करायला मनाई आहे का, की लेखी परवानगी लागते? आज हौशी नाटक करताना याने फरक पडणार नाही, पहिलं मानधन हातात येईल तेव्हा पडेल.

नोकरी करणारा तो खरा नट नव्हे असं कुणी सांगितलं तर फार मनाला लावून घेऊ नका. जगभरच्या अभिनयवर्गांत ज्यांची पद्धत शिकवतात ते रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की मूळचे अलेक्सेयेव. सोन्या-चांदीची तार काढणाऱ्या घरच्या कारखान्याचं काम बघत त्यांनी वर्षानुवर्षं हौशी नाटकं केली, आणि घरच्यांना कळू नये म्हणून रंगमंचावर वेगळं आडनाव लावलं. आज तेच आडनाव जगाला माहीत आहे. १८९८ साली त्यांनी एका सहकाऱ्यासोबत मॉस्को आर्ट थिएटर ही नाट्यसंस्था उभी केली तेव्हा ते पस्तिशीचे होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, वैद्यकी सोडून १९६९ मध्ये ते पूर्णवेळ नट झाले, चाळिशी ओलांडल्यावर. अमरीश पुरी वर्षानुवर्षं सरकारी विमा महामंडळात नोकरी करत होते आणि संध्याकाळी नाटक. ब्रिटिश नट ॲलन रिकमन आधी ग्राफिक डिझायनर होते, नाट्यशाळेत गेले सव्विसाव्या वर्षी आणि पहिल्या सिनेमात दिसले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. तुमचंही तसंच होईल असं मी म्हणत नाही. उशीर झाला, एवढी एक सबब मात्र या नावांपुढे टिकत नाही.

आठवडा कागदावर

दोन आठवडे रोज रात्री लिहून काढा: आजचा वेळ कुठे गेला. खरं लिहा. माझ्या कागदावर रोजचे सव्वा तास फोन चाळण्यात गेलेले निघाले आणि शनिवारी सकाळचे चार तास नुसतेच गायब होते.

मग आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि सुट्टीची एक सकाळ अभिनयासाठी बांधून घ्या. घरी सांगा, कॅलेंडरवर लिहा. त्या दोन संध्याकाळी तालीम नसली तरी दुसरं काही घ्यायचं नाही. वाचा, नाटक बघायला जा, एखाद्या मित्रासोबत प्रवेश बसवा. उरलेल्या वेळात करू म्हणाल तर वेळ कधी उरत नाही.

तालमीच्या दिवशी ऑफिस आणि तालीम यांच्यामध्ये वीस मिनिटांची फट ठेवा. ही सवय मला ओळखपत्राच्या प्रसंगाने लावली. मी तालमीच्या जागेपासून थोडा अलीकडे उतरतो आणि चालत जातो. ओळखपत्र पिशवीत टाकतो, शर्ट बदलतो, खांदे सोडतो, तोंड बंद ठेवून हुंकार भरत जातो. रस्त्यावरची माणसं बघतात, बघू देत.

रोजची पंचवीस मिनिटं, ऑफिसच्या आधी

सकाळचीच वेळ धरा, कारण संध्याकाळ तुमच्या हातात नसते. साहेबांचा एक फोन येतो आणि ती जाते.

पहिली दहा मिनिटं श्वास आणि आवाज. जमिनीवर पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, हात पोटावर ठेवा. श्वास घेताना हात वर जायला हवा, छाती आणि खांदे नाहीत. मग 'स्स्' करत हवा एकसारखी सोडा आणि सेकंद मोजा. आकडा महत्त्वाचा नाही, शेवटी घसा आवळतो का ते बघा. आवळला तर अलीकडे थांबा. त्यानंतर ओठ सैल सोडून घोड्यासारखी फुरफुर, मग हुंकार, मग तोच हुंकार उघडून 'मा', 'मो', 'मी'. शेवटी व्यंजनं. 'क-ख-ग-घ' हळू सुरू करून वेग वाढवत न्या. मराठी नटाने ळ आणि ल, ण आणि न, आणि दोन्ही च ('चंद्र'मधला आणि 'चोर'मधला) वेगळे काढून रोज घोळवावेत. मायक्रोफोन कितीही चांगला असला तरी न उच्चारलेला ळ तो आणून देत नाही.

पुढची दहा मिनिटं मजकूर. एक पान मोठ्याने वाचायचं. कथा, अग्रलेख, जुनं पत्र, काहीही, पण आधी न वाचलेलं. ऑडिशनला कागद हातात देऊन "पाच मिनिटांत वाचा" म्हणतात, त्याची हीच तयारी. युक्ती अशी: डोळे ओळीवर, ओळ मनात उचला, मान वर करा, समोर बघून बोला, पुन्हा कागदावर या. पहिल्या आठवड्यात अडखळाल. दोन महिन्यांत अर्धं वाक्य पुढे बघायची सवय लागते.

उरलेल्या पाच मिनिटांत अंग मोकळं करा. याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जे करता ते करा, पण मान आणि जबडा सोडू नका.

आता ऑफिसातल्या आठ तासांबद्दल. हे तास वाया जातात असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग कीथ जॉनस्टन या नाट्यशिक्षकाचं 'स्टेटस'चं काम वर्गात करायला मिळालं आणि मीटिंगांचा कंटाळा बराच कमी झाला. कल्पना साधी आहे. दोन माणसं बोलतात तेव्हा प्रत्येक जण क्षणाक्षणाला स्वतःला समोरच्याच्या वर किंवा खाली ठेवत असतो, आणि हे शब्दांपेक्षा देहातून जास्त कळतं. डोकं स्थिर ठेवून बोलणारा वर जातो. बोलता बोलता चेहऱ्याला हात लावणारा खाली येतो. आमच्याकडे एक वरिष्ठ आहेत. रागावले की आवाज चढवत नाहीत, पेनाचं टोपण सावकाश लावतात. टोपण लागेपर्यंत खोलीत कुणी बोलत नाही. वकिलाच्या भूमिकेत मी ते टोपण जसंच्या तसं वापरलं आणि दिग्दर्शकाने विचारलं, "हे कुठून आणलंस?"

वहीत रोज एकच निरीक्षण लिहा. 'ती चिडली' असं नको, 'तिने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली' असं लिहा. नटाला भावना करता येत नाही, कृती करता येते.

शिकायचं कुठे

संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे वर्ग नोकरदाराला सोयीचे. पैसे भरण्याआधी एक तास बसून बघू देतात का, विचारा. नाही म्हणाले तर उठा. बघायला मिळालं तर एवढंच मोजा: दोन तासांत एकेक विद्यार्थी किती मिनिटं उभा राहून काम करतो? पंचवीस जणांच्या वर्गात शिक्षक दीड तास आपल्या आठवणी सांगत असतील, तर ते व्याख्यान आहे आणि व्याख्यानं फुकटही ऐकायला मिळतात. 'तीन महिन्यांत पडद्यावर' असं म्हणणाऱ्यांविषयी काही सांगायलाच नको.

वर्गापेक्षाही मला शिकवलं ते हौशी संस्थेने. जवळची संस्था शोधा, प्रयोग बघा, नंतर जाऊन विचारा, "मदत लागेल का?" पहिलं वर्ष विंगेत काढावं लागलं तरी काढा. मी पाच महिने नेपथ्य उचललं आणि प्रॉम्प्टिंग केलं, म्हणजे विंगेतून नटांना अडलेली वाक्यं सुचवली. दुसऱ्याचं वाक्य अडलं की त्याच्या चेहऱ्यावर काय होतं हे दोन हातांवरून बघितलंय, म्हणून स्वतःचं अडतं तेव्हा तितकी धांदल उडत नाही.

भूमिका मिळाली की त्याच दिवशी शेवटच्या आठवड्याच्या तारखा मागून घ्या: रंगीत तालीम, प्रकाशयोजनेची तालीम, प्रयोग. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रजेचा अर्ज टाका. सहा आठवडे पुढची रजा साहेब न वाचता मंजूर करतात, दोन दिवसांवर आलेली नाकारतात. माझं एक नाटक वार्षिक हिशोबाच्या आठवड्यात आलं होतं. मी तारखा विचारल्या नव्हत्या, संस्थेनेही सांगितल्या नव्हत्या. रात्री एकपर्यंत तालीम, सकाळी साडेआठला ऑफिस. प्रयोगाला एक आख्खा परिच्छेद गाळला आणि समोरच्या नटीने तो स्वतःच्या वाक्यात सांभाळून घेतला. तिचे उपकार मी अजून फेडतोय.

पाठांतर

नोकरी करणाऱ्यांचं घोडं नेमकं इथे अडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

घोकू नका. आधी संहिता तीनदा सलग वाचा, आपली वाक्यं सोडून. आपल्याबद्दल दुसरी पात्रं काय बोलतात ते लिहून काढा. मग प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने एक क्रियापद लिहा: टाळतो, चुचकारतो, डिवचतो, माफी उकळतो. शब्द विसरले तरी क्रियापद आठवतं, आणि बहुतेक वेळा शब्द त्याच्यामागून येतात.

मग फोनवर ध्वनिमुद्रण करा. समोरच्याची वाक्यं तुम्हीच वाचा, सपाट सुरात, आणि तुमच्या वाक्याच्या जागी तेवढीच शांतता सोडा. स्वतःची वाक्यं मुद्रित करू नका, नाहीतर तोच सूर कानात बसतो आणि दिग्दर्शकाला तो पुढे हातोडीने फोडावा लागतो. जाता-येता प्रवासात हे ऐकायचं आणि रिकाम्या जागा तोंडातल्या तोंडात भरायच्या.

एकाच रविवारी पाच तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बरी. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा आलेख मांडला तेव्हाच दिसलं होतं की ताजं पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने गळतं. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी करा, दुसरी उद्या, पुढची तीन दिवसांनी. झोपण्यापूर्वीची उजळणी चांगली बसते. झोप कापून केलेली बसत नाही.

पाठ झालं हे कसं ओळखायचं? खुर्चीत डोळे मिटून म्हणता आलं याला मी पाठ झालं म्हणत नाही. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत, मध्येच कुणी "चावी कुठंय?" विचारलं तर उत्तर देऊन, पुढचं वाक्य न अडता आलं, की झालं.

फोटो, माहितीचं पान आणि सेल्फ-टेप

दोन फोटो पुरतात: एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उभा. चेहरा तुमचाच दिसायला हवा. त्वचा गुळगुळीत करून दहा वर्षं कमी केलेला फोटो पाठवला तर ऑडिशनच्या दारातच समोरच्याचा विरस होतो. माहिती एका पानात: उंची, भाषा, खरोखर येणारी कौशल्यं, केलेली कामं. 'घोडेस्वारी' लिहिलंत तर घोडा येऊ शकतो.

हल्ली पहिली फेरी बहुतेक वेळा घरूनच होते. संहितेचं पान येतं आणि एक-दोन दिवसांत टेप मागतात, म्हणजे तो प्रवेश करतानाचा तुम्हीच घेतलेला व्हिडिओ. नोकरदारासाठी ही चांगली बातमी, कारण टेप रात्री अकरालाही करता येते. त्यासाठी घरातला एक कोपरा कायमचा ठरवून ठेवा.

माझा कोपरा असा. मागे साधी करडी चादर, मी तिच्यापासून हातभर पुढे, म्हणजे सावली मागे पडत नाही. पायाची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखलेली. फोन आडवा, तिवईवर, डोळ्यांच्या उंचीला, मागचा कॅमेरा वापरून. फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ आणला तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात, म्हणून तो दोन-अडीच पावलं लांब ठेवून थोडं झूम करतो. चौकट डोक्याच्या जरा वरून छातीच्या मध्यापर्यंत. दिवसा खिडकीकडे तोंड. रात्री दोन दिवे, चेहऱ्यापासून थोडे बाजूला, समोर पांढरा कागद लावून मऊ केलेले. समोरची वाक्यं वाचणारा कॅमेऱ्याला खेटून उभा राहतो. नजर त्याच्याकडे, लेन्सकडे नाही, लेन्सकडे बघायला मुद्दाम सांगितलं असेल तरच. तो मायक्रोफोनच्या जवळ असतो म्हणून त्याने हळू वाचायचं, आणि अभिनय करायचा नाही. माझी बहीण वाचते तेव्हा ती हमखास माझ्यापेक्षा चांगलं काम करते, म्हणून आता शेजाऱ्याला बोलावतो.

पंखा आणि फ्रीज बंद करा. मी एकदा फ्रीज बंद केला, टेप सुंदर झाली, आणि सकाळी आख्खा फ्रीज रिकामा करावा लागला. तेव्हापासून फ्रीज बंद केला की घराची चावी त्याच्यातच ठेवतो.

जास्तीत जास्त पाच टेक घ्या. विसाव्या टेकमध्ये तुम्ही वाक्यं बोलत नसता, मागच्या एकोणीस टेकची नक्कल करत असता. संगीत, शीर्षकं, काही लावू नका. नाव, उंची वगैरे मागितलं तर वेगळ्या तुकड्यात द्या. फाईलला तुमचं आणि पात्राचं नाव द्या आणि मुदतीच्या आदल्या रात्री पाठवा.

ऑडिशन, शूटिंग आणि रजा

वर्षाच्या सुरुवातीला रजा वाटून टाका: इतक्या प्रयोगांसाठी, इतक्या शूटिंगसाठी, तीन-चार खऱ्या आजारपणासाठी, आणि दोन निव्वळ झोपायला. शेवटच्या दोन सर्वांत आधी खर्च होतात, त्या राखा.

खोटं आजारपण सांगू नका. मी एकदा पोट बिघडलं म्हणून सांगितलं आणि लघुपटाच्या सेटवरचा फोटो संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या फोनवर पोचला. पुढे सहा महिने मला खरा ताप आला तरी लोक "कुठलं शूटिंग?" विचारायचे. 'वैयक्तिक काम' हे दोन शब्द पुरेसे आहेत आणि खरेही. साहेबांना केव्हा सांगायचं? स्वप्न म्हणून सांगू नका, तारखा हातात असतील तेव्हा सांगा. "या तीन दिवसांची रजा हवी, त्या आठवड्याचं काम आधी उरकून देतो." एवढ्यावर बरीच माणसं समजुतीने घेतात.

शूटिंगचा दिवस बारा तासांचा धरा. त्यातला बराचसा वेळ तुम्ही वाट बघत बसलेले असता. "दुपारी दोनला सोडतो" या आश्वासनावर चारची मीटिंग ठेवू नका. दुसऱ्या दिवशीची सकाळही मोकळी ठेवा, कारण रात्री दोनला घरी येऊन नऊला आकडे जुळवायला बसलात तर ते जुळत नाहीत.

तारीख जमत नसेल तर ऑडिशनला जाण्याआधी सांगा. निवड झाल्यावर "ऑफिसातून सुट्टी मिळत नाही" म्हणणारा नट कास्टिंगवाल्यांच्या पक्का लक्षात राहतो.

पैसा आणि फसवणूक

एक नियम पाठ करा: कामाचे पैसे नटाकडे येतात, नटाकडून जात नाहीत. नोंदणी शुल्क, निवड झाली पण 'आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ' हवा, संघटनेचं कार्ड आम्हीच काढून देतो, पोशाखाची अनामत, हे सगळे एकाच धंद्याचे चेहरे. नोकरदार लोक त्यांना विशेष आवडतात, कारण महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या खात्यात पैसे असतात. मीही एकदा 'स्क्रीन टेस्ट'चे भरले आहेत. टेस्ट झाली, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला मला तरी दिसला नाही.

एजंट मिळालेल्या मानधनातून कमिशन घेतो, आगाऊ घेत नाही. ऑडिशन ऑफिसात किंवा स्टुडिओत होते. हॉटेलच्या खोलीत एकट्याला बोलावलं तर जाऊ नका, आणि पहिल्या फेरीत कपडे उतरवायला सांगणाऱ्याला कारण विचारत बसू नका, निघा. नोकरीचा खरा उपयोग अशा वेळी कळतो. महिन्याचा खर्च सुटलेला असला की "नाही" म्हणताना आवाज कापत नाही.

करार लहान असला तरी वाचा: दिवस किती, पैसे केव्हा, चित्रीकरण कुठे आणि किती काळ वापरणार. आता त्यात आणखी एक कलम शोधायचं, ते म्हणजे तुमचा चेहरा आणि आवाज संगणकाने पुन्हा तयार करायचा हक्क. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या नटांचा संप ११८ दिवस चालला. त्यातल्या मोठ्या मुद्द्यांपैकी हा एक होता. ते कलम मोघम असेल तर नेमकं लिहून मागा.

नकाराची वही

ऑडिशनसाठी मी एक वही ठेवतो. रकाने चार: तारीख, भूमिका, काय तयारी केली, पुढच्या वेळी काय बदलायचं. निकालाचा रकाना ठेवलेलाच नाही. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच येत नाही, आणि रिकाम्या चौकोनांची रांग बघत बसणं मनाला बरं नसतं. टेप पाठवली की संहितेचा कागद फाडून टाकतो. फोन आलाच तर नवा मागून घेता येतो.

नकाराची कारणं बऱ्याचदा तुमच्या हातात नसतात. नायिकेपेक्षा तुम्ही बुटके असता, भाऊ म्हणून निवडलेल्या नटाशी चेहरा जुळत नाही, किंवा भूमिकाच कापली जाते. तरी वर्षातून एकदा वही उलटून बघा. 'पुढच्या वेळी' या रकान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली असेल (माझ्याकडे होती: 'घाई केली'), तर तेवढ्याच गोष्टीवर शिक्षकासोबत तीन महिने काम करा.

आणि थकवा. दोन्हीकडे चुका व्हायला लागल्या, तालमीला जाताना पाय जड झाले, तर पुढचं नाटक घेऊ नका. चार महिने फक्त सकाळची पंचवीस मिनिटं चालू ठेवा. मी एकदा सात महिने काहीच केलं नाही. परत गेलो तेव्हा संस्थेत कुणी विचारलंसुद्धा नाही, नेपथ्याचं एक टोक हातात दिलं.

सोडायची वेळ

आता तो बाजूला ठेवलेला प्रश्न. साहेबांशी भांडण झालं त्या आठवड्यात राजीनामा देऊ नका, त्याचा अभिनयाशी संबंध नसतो. माझ्या लेखी खुणा तीन आहेत. सलग दोन वर्षं पैसे मिळणारी कामं रजा नसल्यामुळे सोडावी लागली. निदान वर्षभराचा घरखर्च वेगळा साठलेला आहे आणि त्याला हात लागत नाही. आणि काम देणारी माणसं एकापेक्षा जास्त आहेत, म्हणजे एक दिग्दर्शक रुसला तरी चूल बंद पडत नाही. पैकी माझ्याकडे सध्या दीड आहे.

मधला रस्ताही बघा: आठवड्यात तीन दिवसांचं काम, कंत्राटी काम, घरून तासांवर काम. पगार कमी होतो, पण ऑडिशनला दुपार मिळते. असं मागायला जाल तेव्हा किती कमी तासांत तेच काम करून देता येईल, हे कागदावर मांडून न्या.

सोडायचं ठरलंच तर त्याआधी कंपनीच्या विम्यावर डोळे, दात, रक्त सगळं तपासून घ्या, कर्ज काढायचं असेल तर पगारपत्रक आहे तोवर काढा, आणि नोटीस काळात काम असं नीटनेटकं सोपवा की सहा महिन्यांनी तासांवर काम मागायला त्याच दारात जाता येईल. ओळखपत्र मात्र परत करावं लागतं. माझं मागतील त्या दिवशी पट्टी ठेवू देतात का, विचारणार आहे. पहारेकऱ्याची काठी बांधायला बरी आहे.